फ्रँकफुर्टमध्ये साधं हॉटेल घेताना

तारखा पक्क्या करण्याआधी तिथल्या व्यापारी प्रदर्शनांचं वेळापत्रक बघाच. ऑक्टोबरात पुस्तक मेळा असतो, तेव्हा साध्यातल्या साध्या खोलीचेही भाव आभाळाला भिडतात.

विमानतळावरून एस८ किंवा एस९ लोकलने पंधराएक मिनिटांत मुख्य स्टेशन येतं, म्हणून सगळे स्टेशनसमोरच खोली शोधतात. पण स्टेशनजवळच्या टाउनुसश्ट्रासं या रस्त्याच्या आसपास नशा करणाऱ्यांचा वावर फार. सोबत आईवडील किंवा मुलं असतील तर मी तरी तिथे राहा म्हणणार नाही. त्यापेक्षा नदीपलीकडचं साक्सेनहाउझेन बघा.

रात्री उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला आधी ईमेल टाका. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन रात्री बंद असतं. मग दाराचा कोड किंवा किल्लीची पेटी कुठे आहे ते कळवतात. तो निरोप फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, बाहेर थंडीत नेट शोधत बसू नका.

खोलीत एसी, पंखा, किटली बहुधा नसते. चहाबाज असाल तर छोटी किटली न्या. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर स्टेशनातली दुकानं उघडी असतात.