वाचकांचे प्रश्न : एम-१ कार्बाइन, लष्करी आणि बाजारी

प्रश्न : ओहायोतल्या गन शोमध्ये ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून एक एम-१ कार्बाइन (अमेरिकी सैन्याची हलकी रायफल) दाखवली. रिसीव्हरवर (बंदुकीच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावर) ‘युनिव्हर्सल’ असं कोरलंय. घ्यावी का? झिजलेले भाग लष्करी सुट्या भागांनी बदलता येतील का?

उत्तर : युद्धातली नव्हेच. १९४२ ते १९४५ दरम्यान साठ लाखांहून अधिक कार्बाइन बनल्या, त्या इनलँड, विंचेस्टर, अंडरवुड, आयबीएम अशा कंपन्यांनी. ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलासुद्धा त्यात होती. युनिव्हर्सल ही फ्लोरिडातली, युद्धानंतर नागरी बाजारासाठी माल काढणारी कंपनी. लष्करी रिसीव्हरवर कंपनीचं नाव मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) पाठीमागे असतं. नंतर बसवलेल्या सरकत्या साइटखाली ते कधी झाकलं जातं, तेव्हा वाकून पाहा. नळीच्या तोंडाजवळचा शिक्का आणि तारीख पाहून मात्र भुलू नका. बाजारी रिसीव्हरवर जुनी लष्करी नळी चढवणं नेहमीचंच होतं.

सुट्या भागांचं म्हणाल तर सुरुवातीच्या युनिव्हर्सलमध्ये शिल्लक लष्करी भाग बरेच आहेत. पुढे कंपनीने बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) आणि त्याला मागेपुढे नेणारी स्लाइड बदलली, एका रिकॉइल स्प्रिंगऐवजी दोन बारीक स्प्रिंगा घातल्या. त्या बंदुकीत लष्करी स्लाइड बसत नाही आणि कंपनीचे मूळ भाग मिळवताना दमछाक होते. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा. मग नळी दस्त्याला बांधणाऱ्या पुढच्या पट्ट्याचा स्क्रू सैल करा, पट्ट्याची स्प्रिंग दाबून पट्टा पुढे सरकवा आणि नळी दस्त्यातून वर उचला. उजव्या बाजूला एकच स्प्रिंग दिसली तर पुढची बोलणी करा. दोन दिसल्या तर किंमत पाडून मागा, किंवा सरळ सोडून द्या.

बोल्ट पूर्ण वळून बसेपर्यंत फायरिंग पिन (काडतुसाला ठोका देणारी सुई) पुढे जाता कामा नये. रिसीव्हरमधला पूल तिला अडवून धरतो. तो झिजला असेल तर बोल्ट अर्धवट बंद असतानाच बार उडू शकतो. हे बंदूक-कारागिराकडूनच तपासून घ्या, गोळी घालून घरी करून पाहू नका.

प्रश्न : पुन्हा भरलेली काडतुसं कधी पेटत नाहीत, कधी चेंबरमध्ये नीट बसत नाहीत.

उत्तर : .३० कार्बाइनचं काडतूस केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांडीच्या) तोंडावर टेकतं. तोंड आत वळवून क्रिंप केलं (गोळीभोवती आवळलं) किंवा केस फार आखूड कापली, की काडतूस खोल जातं आणि पिनचा ठोका कमी पडतो. केसची कमाल लांबी १.२९० इंच, कापून १.२८० ठेवा. टेपर (निमुळता) क्रिंप, तोही हलकाच. बसत नसेल तर केस लांब राहिली आहे किंवा गोळी बसवायला केलेली तोंडाची फुगवटी मोडलेली नाही.

प्रश्न : ओहायोत घेतलेली कार्बाइन न्यू जर्सीतल्या एडिसनला नेता येईल का?

उत्तर : नाही. न्यू जर्सीच्या बंदी यादीत ‘एम-१ कार्बाइन टाइप’ आहेच, शिवाय ‘प्लेनफील्ड मशीन कंपनी कार्बाइन’ वेगळी नावानिशी आहे; आणि गंमत म्हणजे प्लेनफील्ड ही न्यू जर्सीचीच कंपनी. जिथे राहता तिथला कायदा आधी वाचा, पैसे नंतर मोजा.