नव्या प्लॉटवर परसबाग: आधी पाणी कुठून जातं ते बघा, मग रोपं आणा

इंदूरजवळच्या सिमरोलच्या एका ताईंनी विचारलंय, राजवाड्याजवळचं जुनं घर सोडून आम्ही इथे पाव एकरात राहायला आलोय, जमीन काळी, आधी सोयाबीन-गहू व्हायचा, गेल्या पावसाळ्यात पपईची आठ रोपं लावली ती सगळी कुजली, आता घरापुरती भाजी आणि थोडी फळझाडं लावायची तर सुरुवात कुठून करू? महूच्या एका काकांचाही हाच प्रश्न आहे, वर त्यांना रोजड्यांचा, म्हणजे नीलगायींचा, त्रास आहे. म्हणून दोघांना एकत्रच लिहितो.

ताई, पपई तुमच्या हाताने नाही गेली, पाण्याने गेली. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत खड्डा खणला की त्याची वाटीच होते, चहूकडून चिकण माती, पाण्याला जायला जागा नाही, आणि पपईची मुळं दोन दिवस जरी पाण्यात राहिली तरी बुंधा जमिनीलगत मऊ पडतो, पानं पिवळी होऊन लोंबतात, मग काही केलं तरी झाड हाती लागत नाही. म्हणून यंदा नर्सरीत जायच्या आधी एक करा, पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन प्लॉटवर फिरा, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून निघून जातं ते बघून तिथे तिथे खुंट्या ठोका. मग उताराकडे एक चर काढा. हे काम माझ्या मते खतापेक्षाही महत्त्वाचं आहे.

घर नवीन म्हणजे भिंतीलगत मलबा असणारच. तो पुरू नका, उचलून टाका. आपली माती आधीच अल्कधर्मी, त्यात सिमेंट-चुना मिसळला की झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाच-सहा जागी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच खंडवा रोडवर आहे, तिथे चौकशी करा.

भाजीसाठी गादीवाफेच करा, चार फूट रुंद, दहा फूट लांब, फूटभर उंच, मध्ये दीड फुटाची वाट. पहिल्या वर्षी असे चारच, तेही स्वयंपाकघराच्या दाराजवळ, कारण लांबच्या वाफ्याकडे जाणं होत नाही आणि गवत माजतं हे मी घरोघर बघितलंय. माती वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या ओलीवर, आल्याशिवाय कुदळ लावायची नाही. मुठीत गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला तर खणा, चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळं विटेसारखी होतात, मग सगळा हंगाम ती फोडण्यात जातो.

खताचं म्हणाल तर ते शिकायला आपल्याला लांब जायला नको. कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर गेली ती इथूनच, 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांनी ती बसवली, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी. सोयाबीनचा भुसा, पाला, काडीकचरा वीतभर पसरा, वर शेणाचा काला, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख, पुन्हा तेच थर. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी असं तीनदा उलटायचं, तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवरच ढीग लावा, नाहीतर खताचीही तुमच्या पपईसारखीच गत होईल.

खरिपात गिलकं, दोडका, चवळी, भेंडी. खरी मजा दसऱ्यानंतर, मेथी, पालक, लसूण, मटार, वांगी, सगळं आपल्या थंडीत उत्तम येतं. कडाक्याच्या थंडीत दंव गोठायची लक्षणं दिसली तर संध्याकाळी हलकं पाणी द्या.

फळझाडं थोडीच. पेरू, लिंबू, सीताफळ, शेवगा, दारात कढीपत्ता, आणि मोरीच्या पाण्यावर अळू, पण त्यात साबण जास्त नको. रोप खड्ड्यात न लावता दीड-दोन फूट उंच मातीच्या उंचवट्यावर लावा. पपई हवीच असेल तर तीही तशीच लावा, पण पावसाळा संपल्यावर.

आणि काका, रोजड्यांसाठी कुंपणालगत तीन-तीन फुटांवर करवंद लावा. दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर जाळी ठेवावीच लागेल. लावायची ती जुलैमध्ये, जमीन नीट ओली झाल्यावर, आणि पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी चुकवू नका.