तक्त्यातली रिकामी चौकट

बाळ,

'कोणता धर्म काय मानतो' या तुझ्या तक्त्याचा फोटो मोठा करून पाहिला. ख्रिस्ती, मुस्लिम, जैन, बौद्ध, प्रत्येकापुढे एकेक ओळ आणि 'हिंदू'पुढे व्हाइटनरचा थर. खालचं 'वसुधैव कुटुंबकम्' अजून पुसट दिसतंय. सोबत तुझा प्रश्न: "बाई, आपल्याकडे असं एक वाक्य का नाही? मग मी नेमकं मानते तरी काय?"

ती चौकट राहू दे. भरलेल्या चौकटी आधी बघ, कारण गडबड तिथं आहे. वाक्य कोण म्हणतं, कधी म्हणतं, कुणासमोर म्हणतं, हे कळल्याशिवाय ते तक्त्यात घालायचं नाही. वर्गात हे किती वेळा सांगितलं असेल गं!

ख्रिस्ती चौकटीत तू 'एका देवावर विश्वास' एवढंच लिहिलंयस. ख्रिस्ती धर्माध्यक्षांची निकायाची परिषद 325 सालची. एरियस नावाचा धर्मगुरू सांगत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला. त्याला उत्तर म्हणून धर्माध्यक्षांनी ठरवलं: पुत्र 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे', 'पित्याशी एकतत्त्व'. पुढे श्रद्धावाक्यातल्या 'पवित्र आत्मा पित्यापासून येतो' या ओळीत पश्चिमेकडच्या चर्चने 'आणि पुत्रापासून' अशी भर घातली, आणि 1054 मध्ये पूर्व-पश्चिम चर्च फुटली त्यामागच्या कारणांत हीही भर होती. एवढं ज्या शब्दांवरून झालं, नेमके तेच तू गाळलेस.

मुस्लिमांचा कलमा ही साक्ष आहे. अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही, मुहम्मद अल्लाहचे रसूल आहेत. नव्या बाळाच्या कानात अजान देतात तेव्हा ही साक्ष त्यात असते, रोजच्या नमाजात असते, आणि शेवटच्या घटकेला जवळचं माणूस ती हळूच म्हणून दाखवतं. म्हणून पुन्हा विचारते, कोण, कधी, कुणासमोर?

जैनांपुढे 'जगा आणि जगू द्या' वाचून मात्र मी चिडले. आपल्या जिल्ह्यात एवढी जैन घरं, तुझ्या वर्गात जैन मुली, आणि एकीलाही विचारलं नाहीस? त्यांचा णमोकार मंत्र एकदा म्हणून बघ. त्यात मागणं नाही, एकाही तीर्थंकराचं नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू या पाचांना फक्त नमन. तो नमस्कार आहे. सिद्धान्त हवा असेल तर तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाचं पहिलंच सूत्र घे: सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य हा मोक्षमार्ग.

बौद्धांपुढे 'शांती'! 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांची सुरुवातच 'मानणार नाही'ने होते. मागचं घर सोडताना सगळ्यांदेखत म्हटलेली वाक्यं आहेत ती.

आता तुझी रिकामी चौकट. तू कोल्हापूरची, तुला हे मी सांगायला हवं? पंचगंगेवर कार्तिकस्नानाला शाहू महाराजांसाठी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हटले जात होते, कारण भटजींच्या मते महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा, म्हणजे वेदांतल्या मंत्रांचा अधिकार नाही. 1899 पासून ते प्रकरण पेटलं. महाराज काय मानतात, हे कुणी विचारलं नाही. मंत्र कुणासाठी म्हणायचा, एवढ्यावर संस्थान ढवळून निघालं. पुढे 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या गजेंद्रगडकरांनी लिहिलं की हिंदू धर्माला एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक मत नाही. तेव्हा चौकट रिकामीच ठेव आणि खाली वेदोक्ताची हकिगत लिही.

मी शिकवत होते त्या शाळेत भिंतीवर 'सर्व धर्म एकच सांगतात' असा फलक रंगवायचा होता. मजकूर मी दिला नाही. हेकट म्हणाले, समितीतून काढलं. आजही देणार नाही. सगळं एकच आहे असं ज्या पोराला सांगितलं, ते शेजारच्या घरात जाऊन काही विचारेल कशाला? सलोखा मला त्यांच्याइतकाच हवा होता, काकणभर जास्तच. खंत वेगळीच आहे. एकदा तरी पोरांना दुसऱ्यांच्या प्रार्थनेला न्यायचं होतं, परवानगी मिळाली नाही.

तुला कुणाची परवानगी लागत नाही. तक्ता छापायला टाकू नकोस. येत्या रविवारी वायल्डर चर्चमध्ये विचारून मागच्या बाकावर बस, मैत्रिणीच्या आजीकडून णमोकार ऐक. आणि 'मी काय मानते' याचं उत्तर मला इतक्यात नको. तुझी आई दिवा लावताना काय पुटपुटते, ते तिला विचारून लिहून आण.

तुझ्या बाई