तळ्याचा टीडीएस चढतोय, तुरटी टाकावी का?

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या एक हेक्टर तळ्यात सरासरी दोन मीटर पाणी आहे. टीडीएस (दर लिटर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ६०० वरून १२०० झाला. तुरटी टाकावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुरटी नको. ती गढूळपणा खाली बसवते; विरघळलेले क्षार तसेच राहतात, वर सल्फेटची भर पडते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. पाणी निम्मं झालं तर आकडा दुप्पट होणारच. म्हणून दर महिन्याला टीडीएससोबत पातळीही लिहा आणि दोन्हींवरून तळ्यात एकूण क्षार किती आहेत याचा हिशेब करा. तुमच्या २०,००० घनमीटरमध्ये आज २४ टन क्षार आहेत. हा एकूण आकडाच वाढत असेल तर बाहेरून काहीतरी येतंय : सांडपाण्याची नाली, सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) धुतलेलं मिठाचं पाणी, विसर्जनातलं प्लास्टर ऑफ पॅरिस. ते आधी बंद करा.

साचलेले क्षार काढायचे तर पाणीच बाहेर जायला हवं. मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन नाला वाहू लागला की तळाच्या मोरीतून (तळाशी पाणी सोडायला ठेवलेल्या वाटेने) निम्मं पाणी सोडा, मग तळं भरू द्या. येणारं पाणी १०० टीडीएसचं धरलं तर ६५० पर्यंत उतरेल. सांडव्यावर विसंबू नका. जोराच्या पावसात वरचं गोडं पाणीच तिथून निघून जातं. मोरी नसेल तर सायफन लावा. खाली संत्र्याच्या बागा असतील तर शेतकऱ्यांना आधी कळवा, संत्र्याला खारं पाणी सोसत नाही.

आणि काठावरची क्षारांची पांढरी खपली मे महिन्यातच खरवडून पाणलोटाबाहेर न्या. पहिल्याच सरीत ती विरघळून परत तळ्यात जाते.