ग्राउंडआधी कॅफिन घेणार असशील, तर मोजून घे

प्रिय लेकरा,

पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी कॅफिन घेऊ का, असं विचारलंस. घेता येतं, पण ‘एक स्कूप टाक अन् पळ’ म्हणणाऱ्या पोरांचं ऐकून नको. कॅफिन अंगात ताकद भरत नाही. ॲडेनोसिन हे शरीरातलंच रसायन मेंदूला थकवा जाणवून देतं. कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून तोच वेग जरा सोपा वाटतो. कमी पडलेला सराव त्यानं भरून निघत नाही.

आधी वजन कर. बहुतेक अभ्यासांत फायदा दिसतो तो किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅमला, काहींना 2 लाही. साठ किलोच्या पोराला 3 च्या हिशोबानं 180 होतात. पण सुरुवात 100 पासून कर. निरोगी प्रौढानं एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 च्या आत राहावं, आणि त्यात दिवसभराचा चहाही धरायचा. घरच्या कपभर चहात साधारण 30 ते 50, 2 ग्रॅम शुद्ध इन्स्टंट कॉफीत 50 ते 70 मिलिग्रॅम असतं. चिकोरी मिसळलेली असेल तर कमी.

खरा घोळ प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या कॅफिनवाल्या भुकटीच्या डब्यात होतो. आकडा एका स्कूपचा आहे की दोन स्कूपच्या सर्व्हिंगचा, हे लेबलवर नीट वाच. दोनाचा आकडा एकाचा समजलास तर हिशोब चुकलाच. भुकटी कोरडी तोंडात टाकायची नाही. ठसका लागून ती श्वासनलिकेत जाते. सुटी शुद्ध कॅफिन पावडर तर घरातच आणू नकोस. तिच्या एका चमच्यात 3000 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं आणि 10 ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. घरातला वजनकाटा एवढं बारीक मोजत नाही.

सकाळी सहाला पळायचं असेल तर पाचला घे, सोबत एक केळं खा. काहींचं पोट लगेच हलतं, म्हणून पहिला प्रयोग सरावातच, भरतीच्या दिवशी नाही. संध्याकाळी मात्र टाळ. पाचला घेतलेल्या 150 पैकी निम्मं रात्री दहालाही अंगात असतं, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशीचा सराव गेला.

भरतीच्या मैदानावर नंबर दोन-तीन तास पुढं जातो. तेव्हा परत डोस घेऊ नकोस, पहिल्याचा असर अजून असतो. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात डोस कमीच ठेव, सावलीत थांब, पाणी पीत राहा.

अठराच्या आतल्या पोरांनी हे करू नये. बीपी, हृदयाचा त्रास, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी डॉक्टर. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी चालू असेल तेवढे दिवस कॅफिन बंद ठेव. तिच्यामुळं ते शरीरातून हळू निघतं.

हात थरथरले, धडधड वाढली तर पळणं थांबव आणि बस. छातीत दुखलं, ठोके चुकायला लागले, भोवळ आली किंवा उलट्या थांबेनात, तर 108 ला फोन करायचा. काय आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांग.

डबा आणला असशील तर वापरण्याआधी लेबलचा फोटो पाठव. मिलिग्रॅम आपण मिळून मोजू.

तुझे सर