वाचकांचे प्रश्न : रोइंगची शर्यत नीट पाहायची कशी?

प्रश्न : काठावरून पाहताना पलीकडच्या लेनमधली नौका शेवटपर्यंत पुढे दिसत होती, निकालात मात्र ती तिसरी आली. असे कसे?

उत्तर : तुम्ही तिरके पाहत होता. 2000 मीटरच्या शर्यतीत साधारणपणे सहा लेन असतात आणि प्रत्येक लेन सुमारे साडेतेरा मीटर रुंद. म्हणजे अलीकडची आणि पलीकडची नौका यांच्यात जवळजवळ सत्तर मीटर पाणी. नौका तुमच्याकडे येत असताना पलीकडची पुढे वाटते. तुम्हाला ओलांडून गेल्या की अलीकडची. खरे अंतर दिसते ते त्या अगदी समोरून जातात तेवढ्याच क्षणी. त्यामुळे निकाल पाहायचा तर समाप्तीरेषेच्या सरळ रेषेतच उभे राहा आणि नजर नौकेच्या टोकावरच्या पांढऱ्या रबरी चेंडूवर ठेवा. हा चेंडू टक्कर झाल्यास इजा टाळण्यासाठी असतो, पण रेषा आधी कोणी ओलांडली हेही त्यावरूनच ठरते. चुरस असेल तर फोटो फिनिश.

शर्यत समजून घ्यायची असेल तर आमच्या मते 1500 मीटरच्या खुणेजवळची जागा सर्वांत चांगली. तिथे वल्ह्यांचे फटके मोजा. सुटताना मिनिटाला चाळीसच्या वर फटके असतात, मधल्या टप्प्यात ते 34 ते 38 वर स्थिरावतात, शेवटी पुन्हा वाढतात. वल्हे पाण्याबाहेर निघते तिथे भोवरा उमटतो. फटके वाढले, पण दोन भोवऱ्यांमधले अंतर कमी झाले, तर तो संघ दमतो आहे असे समजा. आघाडीवर असला तरी.

प्रश्न : शर्यत सुटायला इतका वेळ का लागतो?

उत्तर : नौका आपल्या लेनमध्ये दोन मिनिटे आधी हजर लागते. तिथे तराफ्यावर पालथा पडलेला माणूस तिचे मागचे टोक हातात धरतो. बाजूला बसलेला पंच सांगेल तसे तो नौका थोडी पुढे ढकलतो, थोडी मागे ओढतो. सगळे चेंडू एका रेषेत आले की पांढरा झेंडा वर होतो. आडवा वारा असेल तर पुढचे टोक सारखे वळते, पुढे बसलेल्यांना हलके फटके मारून ते सरळ करत राहावे लागते. वेळ खातो तो हाच खटाटोप. मग एकेका संघाचे नाव पुकारले जाते. ते झाले की कोणी ‘तयार नाही’ म्हणून हात वर केला तरी पंच थांबत नाहीत. नौका सरळ ठेवणे ही संघाची जबाबदारी. पुढे ‘अटेन्शन’, लाल दिवा, कमीजास्त लांबीचा विराम, आणि हिरवा दिवा व भोंगा एकदम. त्याआधी रेषा ओलांडली तर पिवळे कार्ड. दुसरे मिळाले की बाद.

प्रश्न : शर्यत संपल्यावर पंच पांढरा झेंडा का दाखवतात?

उत्तर : शर्यत नियमानुसार झाली, एवढाच त्याचा अर्थ. मोटरबोटीतून मागोमाग येणारे पंच वाटेतही पांढरा झेंडा उंचावतात, पण तेव्हा तो लेन सोडणाऱ्या संघाला इशारा असतो : संघाचे नाव घेऊन झेंड्यानेच दिशा दाखवतात. शेवटी लाल झेंडा दिसला तर हरकत आहे असे समजा. ती घ्यायची तर संघाने पाण्यातच, काठाकडे वळण्याआधी, हात वर करायचा असतो.