काळ-काम-वेगाच्या गणितात दोन यंत्रांच्या दिवसांची सरासरी का चालत नाही?

एक यंत्र 12 दिवसांत काम संपवतं, दुसरं 4 दिवसांत. दोन्ही एकत्र चालवली तर किती दिवस? सरासरी 8, तिचं निम्मं 4, हे उत्तर चूक कसं, असं तुम्ही विचारलंय. बरोबर उत्तर 3. भरतीची तयारी करताय म्हणजे लसावि येतच असेल: काम 12 भाग, रोजचे 1 आणि 3, मिळून 4. संपलं.

पण ‘सरासरी’ वाचून डोकं फिरलं, कारण हाच हिशेब आमच्या दाजींनी इचलकरंजीत चालू मागांवर केला होता. एका शेडमध्ये साधे माग, दुसऱ्यात तेवढेच रेपिअर, म्हणजे धोट्याविना चालणारे जलद माग. कापड इंचाला 60 पिकांचं; पिक म्हणजे आडवा धागा. साधा माग मिनिटाला 150 पिक मारणार, म्हणजे अडीच इंच कापड. रेपिअर 450, म्हणजे साडेसात इंच. साध्या मागांना ऑर्डर 12 दिवसांची, रेपिअरना 4 दिवसांची. दाजींनी सरासरी काढून व्यापाऱ्याला 4 दिवसांचा शब्द दिला. मी म्हटलं, अहो दाजी, रेपिअर एकटेच 4 दिवसांत उरकतात, मग साधे माग काय नुसता खडखडाट करायला लावायचे? “तू पुस्तकं वाच,” म्हणाले.

वर बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, वाटले निम्मे-निम्मे. रेपिअर दोन दिवसांत मोकळे, साधे माग सहाव्या दिवसापर्यंत रखडत. चढलेले बीम मध्येच कोण उतरवणार? व्यापाऱ्याने भावात कापलं ते कापलंच. साध्यांना एक वाटा आणि रेपिअरना तीन दिले असते तर तिसऱ्या दिवशी टेम्पो भरला असता.

तेव्हा बेरीज वेगाची करा, दिवसांची नव्हे. आणि उत्तर जलद यंत्राच्या एकट्याच्या वेळेपेक्षा कमी आलं नाही तर सरळ खोडा. एक यंत्र मध्येच बंद पडलं, तर झालेले भाग वजा करून उरलेल्यांना चालू यंत्राच्या वेगाने भागा. गळक्या टाकीचं पुन्हा कधीतरी.

एक खरं, पुस्तकातल्या यंत्राची आडव्या सुताची कांडी संपत नाही, उभा ताणा तुटत नाही, त्यामुळे शेडमध्ये 3 चे साडेतीन होतातच. दाजी अजून लाइटीवर खापर फोडतात. लाइट गेली होती, नाही असं नाही. पण लाइट गेली की दोन्ही शेड बंद पडतात. रेपिअर चार दिवस रिकामे उभे होते, ते लाइट असताना.